भरिताच्या हंगामासाठी परसातली पात

खानदेशात थंडीची चाहूल लागली की वांगी भाजायला निघतात आणि भरितात कांद्याची पात लागतेच. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी सोलून बडगीत ठेचायची, मिरची-लसणाचं वाटण तेलात परतायचं, त्यात बचकभर चिरलेली पात टाकायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ताटात घ्यायची. यातली वांगी, मिरची, लसूण घरात चार दिवस राहतात. पात राहत नाही. सकाळी बाजारातून आणलेली जुडी संध्याकाळी मान टाकते, दुसऱ्या दिवशी तिची टोकं पिवळी पडतात आणि निम्मी जुडी निवडण्यातच जाते. म्हणून अंगणात किंवा परसात खाटेएवढी जागा असेल आणि तिथे एकच भाजी लावायची असेल, तर माझं मत पातीच्या कांद्याला आहे.

तापी आणि गोमाईच्या संगमावर वसलेलं प्रकाशा हे गाव डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे. शहादा, नंदुरबार, तळोदा या पट्ट्यातल्या कुठल्याही घराला यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल. तारखा, माती आणि ऊन मात्र इथलं आहे. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीसाठी लिहिलेलं वेळापत्रक इथे चालत नाही आणि तसं करायला गेलेल्यांची रोपं एप्रिलच्या झळांत जळून जातात.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पातीसाठी कांदा लावायचा असेल तर शेतातल्या कांद्याचे बरेचसे नियम बाजूला ठेवावे लागतात. शेतकऱ्याला गाठ पोसायची असते. त्यासाठी तो रोपांत चार बोटं अंतर सोडतो, सगळं वावर एकदमच लावतो, चार महिने वाट पाहतो आणि शेवटी पाणी तोडून माना पडू देतो. आपल्याला गाठ धरण्याआधीच रोप उपटायचं आहे. म्हणून दाट पेरायचं, पाणी कधी तोडायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थोडं थोडं करून पुन्हा पुन्हा पेरायचं. एकाच दिवशी अख्खा वाफा पेरला की दोन महिन्यांनी शेजारीपाजारी वाटत सुटावं लागतं, आणि त्यानंतर घरातच पात नसते.

कोंब आलेले जुने कांदे मातीत खोचूनही पात मिळते, हे खरं आहे. तीन आठवड्यांत मिळते. पण ती पात जून आणि उग्र असते, खालचा कांदा पोकळ होऊन सडतो आणि थंडीत लगेच डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, येतो. बियाण्यापासून वाढवलेलं रोप मुळं सोडून सगळं खाता येतं. खालचा पांढरा किंवा लालसर दांडा कोवळा आणि गोडसर लागतो, भरितात खरी चव त्याचीच येते.

पेरणीची वेळ सणांवरून धरा

बी पेरल्यापासून पात उपटण्याजोगी व्हायला इथे साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात. पौषातल्या कडक थंडीत आठवडाभर जास्त धरा. हा हिशेब तिथींवर फार छान बसतो, कारण आपल्या घरातलं कांदा खाण्याचं वेळापत्रकही तिथींवरच चालतं.

पहिली पेरणी पोळ्याच्या सुमारास. त्या वेळी अनेक घरांत चातुर्मास पाळला जातो, कांदा-लसूण-वांगं बंद असतं. पोळ्याला पेरलेलं बी कार्तिकी एकादशीला सत्तरएक दिवसांचं होतं, म्हणजे चातुर्मास सुटतो तेव्हा वाफा तयार असतो. ही पेरणी सगळ्यात अवघड आहे, कारण पाऊस अजून गेलेला नसतो. उंच गादीवाफा आणि वर काहीतरी आच्छादन असेल तरच तिच्या नादी लागा.

दुसरी पेरणी सर्वपित्री अमावास्या ते घटस्थापना या दिवसांत. नवीन माणसाने सुरुवात इथून करावी, असं मी आग्रहाने सांगेन. पाऊस ओसरलेला असतो, माती ओलसर आणि ऊबदार असते, आणि बी सगळ्यात जोमाने याच वेळी उगवतं. ही पात चंपाषष्ठीला हाताशी येते. खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत, रोडगा आणि पात ज्यांच्या घरी असते त्यांनी ही पेरणी चुकवू नये. त्यानंतर आठ-दहा दिवसांत दत्तजयंती येते, शेजारच्या सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, घरी पाहुणे येतात आणि उरलेली पात संपते.

तिसरी पेरणी दिवाळीच्या फराळाची गडबड संपली की लगेच. ती संक्रांतीच्या आसपास निघते. चौथी सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली की करा, म्हणजे महाशिवरात्रीला गावातल्या केदारेश्वराचं दर्शन आणि उपवास झाल्यावर पारण्याच्या भाजीला पात मिळेल. हिच्याबाबत एक सावधगिरी हवी. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो आणि ऊन तापतं. महाराष्ट्रातल्या कांद्याच्या जाती या बदलाला लगेच दाद देतात आणि दाट पेरलेलं रोपसुद्धा गाठ धरायला लागतं. त्यामुळे ही पात जरा लहान असतानाच उपटायला सुरुवात करा.

मार्चनंतर पेरू नका. कांद्याच्या बियाला २० ते २५ अंशांची ऊब आवडते. माती ३५ अंशांच्या पुढे तापली की उगवण झपाट्याने घटते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा सरळ चाळिशी ओलांडतो. हिरव्या शेडनेटखाली, भिंतीच्या पूर्वेला, सकाळचंच ऊन लागेल अशा जागी थोडी पात निघते. पण ती बारीक आणि तिखट असते, तिच्यावर फुलकिडे तुटून पडतात, आणि पाणी लागतं ते वेगळंच.

या मुख्य पेरण्यांच्या अधेमधे दर पंधरा-वीस दिवसांनी हातभर लांबीच्या दोन-तीन ओळी पेरत राहा, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत खंड पडत नाही. चौघा-पाचांच्या घराला एक चौरस मीटरचा वाफा चार तुकड्यांत पेरला तर पुरतो. आठवड्याला भरीत होणारं घर असेल तर दोन.

घराखालची माती ओळखा

प्रकाशात दोन प्रकारची अंगणं आहेत आणि दोन्हींत वाफा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. जुन्या गावठाणात पांढरी माती आहे. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, खापरं यांचे थर माणसांच्या राबत्याने साचत गेले आणि ही माती तयार झाली. ती इथे किती जुनी आहे, हे १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व विभागाचे बी. के. थापर यांनी प्रकाशात केलेल्या उत्खननातून पुढे आलं. त्यात थेट ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. नव्या वस्त्यांतले प्लॉट मात्र शेताच्या काळ्या मातीवर पडले आहेत.

पांढरी माती भुसभुशीत असते, तिला भेगा पडत नाहीत, बी सहज वर येतं. तिची अडचण वेगळी आहे. पाणी तिच्यात ठरत नाही, आणि काही अंगणांत उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरट खार फुटतो. कांद्याला खार सहन होत नाही. पातीची टोकं जळतात, रोप खुरटतं, आणि आपण खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालत बसतो. खार दिसत असेल तर वरची चार बोटं माती खरडून टाका, वाफा पाण्याने दोन-तीनदा चांगला निथळू द्या आणि मग भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर पेरणीपासून पहिला महिनाभर तरी नळाचं पाणी वापरा. शंका असेल तर मूठभर माती नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घेता येते.

काळ्या मातीत अन्न भरपूर असतं, ओल टिकते, आणि नेमकी तीच ओल बियाला मारते. पाणी साचलं की बी कुजतं. वरून ऊन पडलं की तिच्यावर कडक पापुद्रा धरतो आणि कोंब त्याच्याखालीच वळवळून मरतो. म्हणून काळ्या मातीत सपाट वाफा करू नका. हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचेल एवढा, म्हणजे मीटरभर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा. माती एक वीत खोल खणून ढेकळं हाताने फोडा. चौरस मीटरला दोन-तीन घमेली जुनं शेणखत किंवा एक घमेलं गांडूळखत मिसळा. शेण ताजं नको. त्यातून हुमणी येते आणि तणाचं बी येतं.

पापुद्र्यावरचा उपाय सगळ्यात वरच्या बोटभर थरात आहे. बी झाकायला वाफ्यातली काळी माती वापरूच नका. चाळलेलं शेणखत आणि बांधकामातून उरलेली बारीक वाळू निम्मी-निम्मी मिसळून एक घमेलं बाजूला ठेवा आणि बियावर तेवढंच पसरा. काळ्या मातीतली निम्मी उगवण या एका कामावर ठरते.

आपल्या उन्हाचा एक फायदाही उचलता येतो. मे महिन्यात वाफा तयार करून, भिजवून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीने दाबा आणि महिना-दीड महिना तसंच राहू द्या. आतली माती इतकी तापते की तणाचं बरंचसं बी आणि रोपं कोलमडवणारी बुरशी मरते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यालाही दाद देत नाहीत, त्या खणूनच काढाव्या लागतात. लव्हाळा आणि कांद्याचं कोवळं रोप लहानपणी इतकं सारखं दिसतं की निंदताना भलतंच उपटलं जातं.

बी ताजं हवं, बाकी सगळं नंतर

कांद्याचं बी म्हणजे उळं काळं, तिकोनी, सुरकुतलेलं असतं. त्याचं आयुष्य भाजीच्या इतर बियांपेक्षा फार कमी आहे. साध्या डब्यात, दमट हवेत ठेवलेलं बी वर्षभरात निम्मं मरतं. दुकानातलं पाकीट पावसाळाभर मांडणीवर पडून असेल तर तारखेत असूनही ते उगवेल असं नाही. पाकिटावर चाचणीची तारीख, वैधतेची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते. कांद्याच्या प्रमाणित बियाची उगवण किमान ७० टक्के असावी असा दंडक आहे. चाचणीची तारीख जितकी अलीकडची तितकं चांगलं.

घरी तपासणीही सोपी आहे. वीस बिया मोजून ओल्या सुती कापडाच्या घडीत ठेवा, कापड डब्यात घालून घरात सावलीला ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा. आठव्या दिवशी घडी उघडा. चौदा-पंधरा बियांना पांढरं मूळ फुटलं असेल तर बिनधास्त पेरा. दहाच फुटल्या असतील तर दीडपट पेरा. पाच-सहावर थांबलं असेल तर ते बी टाकून द्या, वाफ्याची जागा आणि दोन महिने त्याच्यावर घालवू नका.

एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे बिया असतात. चौरस मीटरला तीन ग्रॅम पुरतं. पाकिटं मोठी मिळतात, तेव्हा शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावं, हेच शहाणपणाचं. रोपं तयार करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर ताजं बी मिळालं तर त्याहून उत्तम.

जात निवडताना हंगाम बघा. पोळा ते घटस्थापना या काळातल्या पेरणीला खरिपाच्या जाती चालतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बसवंत-७८०, निफाडची जुनी एन-५३, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा सुपर, या सगळ्या लालसर दांड्याच्या आहेत. दिवाळीनंतर एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या रब्बीच्या जाती घ्या. पांढरा दांडा आवडत असेल तर भीमा शुभ्रा किंवा भीमा श्वेता. शहरातल्या दुकानांत ‘स्प्रिंग ओनियन’ किंवा ‘बंचिंग ओनियन’ नावाची परदेशी पाकिटं मिळतात. त्यांतली बरीचशी कांद्याच्या वेगळ्याच प्रजातीची असतात, तिला कधीच गाठ येत नाही आणि ती फुटवे करत राहते. कुंडीत ती छान वाढते. भरिताला मात्र मला आपला लाल कांदाच आवडतो, त्याचा तिखटपणा वांग्याच्या गोडव्यापुढे टिकतो.

बी गुलाबी किंवा निळसर दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. हाताळल्यावर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि उरलेलं कोंबड्यांपुढे टाकू नका.

पेरणी आणि पहिले पंधरा दिवस

वाफा आदल्या दिवशी पाणी देऊन ओला करून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडीने चार-चार बोटांवर, जेमतेम अर्धा इंच खोल रेघा ओढा. बी चिमटीत धरून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच फिरवत रेघेत सोडत जा. बोटाच्या एका पेरात दोन-तीन बिया पडतील असा हात ठेवा. वर खत-वाळूचं मिश्रण पसरा, तळहाताने हलकं दाबा आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्या. नळीने धार सोडली की बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं.

पेरल्यावर वाफ्यावर ओलं गोणपाट किंवा केळीची वाळलेली पानं अंथरा. मुंग्या बी ओढून नेतात, त्यांच्यासाठी वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढावी. कोंबड्यांसाठी बोराटीच्या फांद्या टाकाव्यात, त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सकाळी आच्छादन उचलून बघा.

उगवणारा कांदा बारकाईने बघण्यासारखा असतो. तो सरळ टोकाने वर येत नाही. आधी केसाच्या पिनेसारखा दुमडलेला हिरवा धागा जमिनीबाहेर निघतो. त्याचं एक टोक मुळाकडे आणि दुसरं अजून बियात अडकलेलं असतं. दोन-तीन दिवसांत तो सरळ होतो आणि बियाचं काळं टरफल शेंड्यावर तसंच डुलत राहतं. टरफल ओढून काढायचा मोह होतो. काढू नका, शेंडा तुटतो. ते आपोआप गळून पडतं. असे दुमडलेले धागे जागोजाग दिसले की त्याच दिवशी संध्याकाळी आच्छादन काढून टाका. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात आणि नंतर उन्हात माना टाकतात.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी हलकं पाणी. संध्याकाळी पाणी नको, रात्रभर ओलं राहिलेलं कोवळं रोप मर रोगाला बळी पडतं. जमिनीलगत देठ पाणचट होऊन बारीक पडतो, रोप आडवं होतं, आणि दोन दिवसांत वाफ्यात ताटलीएवढी मोकळी जागा दिसू लागते. असं दिसलं की पाणी लगेच कमी करा, तेवढा भाग मातीसकट उचलून बाहेर टाका आणि बाकीच्या रोपांच्या ओळीत काडीने माती भुसभुशीत करा. पेरणीआधी आठवडाभर एक घमेलं ओलसर शेणखतात पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून सावलीला ठेवलं आणि मग ते वाफ्यात पसरलं, तर ही वेळ सहसा येत नाही.

तीन आठवड्यांनी विरळणी करा. पातीसाठी दोन रोपांत बोटभर जागा पुरते. उपटलेली रोपं फेकू नका, बारीक चिरून पिठल्यात किंवा थालीपिठात घाला. ज्यांना थोडे गाठीचे कांदेही हवेत त्यांनी सहा-सात आठवड्यांची काही रोपं उचलून दुसऱ्या वाफ्यात चार बोटांवर लावावीत.

वाढीच्या दिवसांत

महिन्याच्या रोपाला एक दिवसाआड पाणी भागतं, काळ्या मातीत त्याहूनही कमी. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आत ओल लागली तर पाणी पुढे ढकला. खत एकदाच द्या. पाचव्या आठवड्यात ओळींच्या मधे मूठ-मूठ गांडूळखत टाकून माती लावा. मातीची भर दिली की दांडा पांढरा आणि लांब होतो. दहापट पाण्यात पातळ केलेलं जीवामृतही चालतं. युरिया मात्र परसातल्या पातीला देऊ नका. पात दोन दिवसांत गर्द हिरवी आणि टवटवीत दिसते खरी, पण आतून पाणचट होते, आडवी पडते आणि किडीला आमंत्रण देते.

कीड म्हणजे मुख्यत्वे फुलकिडे. पातीच्या बेचक्यात, जिथे नवं पान निघतं तिथे, ते दबा धरून बसतात. पान बाहेरून चंदेरी-पांढरट ठिपक्यांनी भरलं की समजायचं. पान फाकवून बघा, पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसतील. कापसाच्या पट्ट्यात ते शेतातूनही उडून येतात. वाफ्याभोवती मक्याची एक ओळ पेरणीच्या महिनाभर आधी लावून ठेवली तर ती आडोसा करते. कांद्याला मक्याची कड करण्याची शिफारस राजगुरुनगरचं संचालनालयही करतं. लहान वाफ्यात सकाळी नळीच्या फवाऱ्याने पातीच्या बेचक्या धुऊन काढल्या तरी निम्मे किडे जातात.

त्यानंतरही राहिले तर निंबोळी अर्क करा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, लिटरभर पाणी करा, साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि संध्याकाळी बेचक्यांत जाईल असं फवारा. आठवड्याने पुन्हा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. शेतात कपाशीला किंवा मिरचीला आणलेल्या औषधाचा उरलेला घोट या वाफ्यावर मारू नका, हे कळकळीने सांगतो. शेतातली औषधं आणि पंप ज्या घरात आहेत तिथे हा मोह सगळ्यात जास्त असतो. पात आपण पानासकट, बरेचदा कच्ची खातो. तिच्यावर पडलेलं औषध सोलून काढता येत नाही.

ढगाळ, धुकट हवेत पातीवर आधी पांढरट आणि मग जांभळ्या मध्याचे लांबट डाग दिसतात, तो जांभळा करपा. डागाळलेली पानं कापून वाफ्यापासून दूर जाळा, पाणी वरून न देता ओळीतून द्या. उरलेली पात थोडी आधीच उपटून खाल्लेली बरी. पुढच्या पेरणीला तोच वाफा नको, तिथे मेथी किंवा कोथिंबीर टाका.

काढणी

दांडा पेन्सिलीएवढा जाड आणि पात हातभर लांब झाली की काढायला सुरुवात करा. सगळी रोपं एकदम तयार होत नाहीत, ते आपल्या सोयीचंच आहे. जाड जाड निवडून उपटत गेलं की मागची बारकी फोफावतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी ऊन चढण्याआधी, दांडा अगदी मातीलगत धरून सरळ वर ओढा. वरून पातीला धरून ओढलं तर ती हातात येते आणि कांदा मातीत राहतो.

न उपटता कापूनही घेता येते. मातीपासून दोन बोटं वर धारदार विळ्याने कापा. तीन आठवड्यांत पुन्हा पात येते. दोन, फार तर तीन कापण्या घ्या, पुढची पात बारीक आणि चिवट होते. पोळ्याच्या किंवा घटस्थापनेच्या पेरणीतली रोपं पौषापर्यंत वाफ्यात ठेवली तर कडक थंडीने त्यांना डेंगळे येतात. मधून टणक, पोकळ नळी निघाली की त्या रोपाची पात खाण्याजोगी उरत नाही, म्हणून जुनी रोपं आधी संपवा.

उपटलेली पात लगेच लागणार नसेल तर धुऊ नका. मुळांना माती तशीच राहू द्या आणि तांब्यात बोटभर पाणी घेऊन त्यात उभी ठेवा. दोन-तीन दिवस ती ताजी राहते. फ्रिजमध्ये ठेवायची तर कोरड्या फडक्यात गुंडाळा.

घरचं बी

आपला कोरडा मार्च-एप्रिल कांद्याच्या बियाला फार मानवतो. एखाद्या वर्षी घरचं बी धरून पाहा. रोपातून नव्हे, कांद्यातून धरा. साठवणीतले आठ-दहा घट्ट, एकाच रंगाचे, बारीक मानेचे कांदे निवडून दिवाळीनंतर वीतभर अंतरावर लावा. एक-दोन कांद्यांवर भागवू नका, पुढच्या पिढीत रोपं कमजोर होत जातात. पातीच्या वाफ्यात स्वतःहून लवकर डेंगळा आलेल्या झाडाचंही बी धरू नका, ती सवय बियातून पुढे उतरते. डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलले की मधमाश्या येतील. त्या दिवसांत निंबोळी अर्कसुद्धा फवारू नका, बी धरणं सगळं मधमाश्यांवर आहे. जवळच्या शेतात दुसऱ्या जातीचा कांदा फुलावर असेल तर मिश्र बी मिळेल. पातीसाठी त्याने काही बिघडत नाही.

गोंड्यातली काही बोंडं तडकून आतलं काळं बी दिसू लागलं की गोंडे कापा, सगळी तडकायची वाट पाहिली तर बी मातीत सांडतं. कापडावर सावलीत वाळवा, हाताने चोळा, सुपाने पाखडा. नंतर पाण्यात टाकून तरंगणारं फोल काढून टाका आणि बुडालेलं भरीव बी लगेच पसरून पुन्हा चांगलं वाळवा. काचेच्या बाटलीत भरा, तळाशी कोरड्या राखेची पुरचुंडी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि पावसाळाभर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाटलीवर महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका. त्या पोळ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतच्या सगळ्या पेरण्या याच बाटलीतून करा, आणि त्यातूनही उरलेलं बी पुढच्या पोळ्याला वापरायचं झालं तर वीस बिया ओल्या फडक्यात घालून आधी मोजा.